सिंधूचा जबाब

संगीत नाटकांवर बोलायला कोणी उभे राहिले की हल्ली नांदीच्या जागी एक वाक्य ऐकू येते: ही नाटके त्यांच्या काळात ठेवून पाहावीत, आजच्या सामाजिक फुटपट्टीने मोजू नयेत. स्मृतिदिनाच्या सभेत ते म्हटले जाते, नाट्यपदांच्या मैफलीत निवेदक म्हणतो, आणि जुन्या नाटकाचे पुनरुज्जीवन करणारी संस्था पत्रिकेत छापते. ऐकणारे मान डोलावतात. मीही पुष्कळ वर्षे डोलावली. आता ते मला पटत नाही. का पटत नाही ते सांगताना आधी समोरच्याची बाजू पुरती मांडली पाहिजे, नाहीतर खंडनाला अर्थ उरत नाही.

पूर्वपक्ष असा. देवलांना किंवा गडकऱ्यांना स्त्रीमुक्तीची आजची भाषा ठाऊक नव्हती; जे ठाऊक नव्हते त्याचा जाब त्यांना विचारणे अन्याय आहे. दुसरे, संगीत नाटकात संहिता हे निमित्त आहे. लोक येतात ते सुरांसाठी, आणि सुराला कसली आली सामाजिक दृष्टी? तिसरे, या मापाने मोजायला बसलो तर हाती काहीच उरणार नाही. पतिव्रता जातील, सवती जातील, नायकिणी जातील आणि त्यांच्याबरोबर मराठी माणसाची सर्वांत मोठी नाट्यठेव जाईल.

हा पक्ष प्रेमातून आलेला आहे हे मला मान्य आहे. त्याचे तिन्ही पाय मात्र कच्चे आहेत.

पहिला पाय 'त्यांचा काळ' हा. काळ म्हणजे जणू एकमुखी माणूस आणि त्याच्या हातात एकच पट्टी, अशी यात समजूत आहे. १८८२ चे वर्ष घ्या. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'सौभद्रा'चे पहिले तीन अंक पुण्यात रंगभूमीवर आले. त्याच वर्षी, त्याच पुण्यात, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' छापून निघाले. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येच्या आरोपावरून झालेली शिक्षा आणि त्यानंतर वर्तमानपत्रांतून बायकांवर उठलेली झोड हे त्या पुस्तकाचे निमित्त. ताराबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. कथा-कादंबऱ्या-नाटके लिहिणाऱ्यांनी बायका कशा रंगवल्या आहेत, याचाही त्यांनी कडक झाडा घेतला. म्हणजे ललित साहित्यातल्या स्त्रीचित्रणाला सामाजिक न्यायाची पट्टी लावण्याचे काम मराठीत किमान 'सौभद्रा'इतके जुने आहे. ज्या पट्टीला आपण 'आजची' म्हणतो ती एका मराठी बाईने तेव्हाच हाती घेतली होती. 'आजच्या मापाने मोजू नका' असे म्हणताना आपण नकळत ताराबाईंना त्यांच्या काळातून बाहेर काढतो आणि त्या काळाचा ताबा त्यांच्या विरोधकांकडे देतो.

'सौभद्र' बायकांच्या बाजूने बघितले की काय दिसते तेही पाहा. थोरल्या भावाने, बलरामाने, सुभद्रेसाठी दुर्योधन ठरवलेला आहे. तिला तो नको, तिला अर्जुन हवा. नाटकाची सारी गंमत तिचा नकार खरा व्हावा म्हणून कृष्ण रचतो त्या कारस्थानात आहे, आणि प्रेक्षक पहिल्या अंकापासून तिच्या बाजूला बसलेला असतो. आता रंगमंदिराबाहेर या. लहानपणी, वयाच्या अकराव्या वर्षी, लग्न लावून दिलेल्या रखमाबाईने मुंबईत नवऱ्याकडे नांदायला जायचे नाकारले. १८८४ मध्ये नवऱ्याने, दादाजी भिकाजीने, तिच्यावर फिर्याद केली. १८८७ मध्ये न्यायालयाने तिला सांगितले की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात बस. तिने तुरुंगाची तयारी दाखवली. ही सारी वर्षे 'सौभद्र' गाजत होते, आणि याच वर्षांत पुण्यातल्या वजनदार वर्तमानपत्रांनी रखमाबाईवर आसूड ओढले. रंगभूमीवरच्या सुभद्रेच्या नकाराला वन्स मोअर देणारा समाज कोर्टातल्या रखमाबाईच्या नकाराने हादरला. हा विसंवाद 'सौभद्रा'ला बाहेरून चिकटवलेला नाही, तो त्याच्या जन्मकाळातलाच आहे. तो लक्षात घेतला की सुभद्रेची पदे मला पूर्वीपेक्षा धारदार ऐकू येतात. ती नुसती गोड राहत नाहीत.

देवलांच्या 'शारदे'बद्दल तर हा पूर्वपक्ष उभाच राहू शकत नाही. १८९९ साली आलेले हे नाटक मुळात समाजाला मोजण्यासाठीच लिहिलेले आहे. संमतिवयाचा कायदा १८९१ चा. मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारावर नेण्यासाठी केवढे रण माजले होते! त्यानंतर आठ वर्षांनी देवल पंचाहत्तरीचा भुजंगनाथ नवरदेव करून प्रेक्षकांपुढे उभा करतात, मध्यस्थ म्हणून भद्रेश्वर दीक्षित आणतात, आणि पोरीचा बाप कांचनभट पैशाच्या लोभाने तिला कशी विकतो ते दाखवतात. त्या काळाच्या मापात आरामात बसणारे हे नाटक नव्हे, ते माप बदलायला निघालेले नाटक आहे. त्याच्यापुढे सामाजिक दृष्टी बाजूला ठेवून बसा असे सांगणे म्हणजे देवलांचे तोंड दाबणे आहे. इथे एक गैरसमजही दुरुस्त करायला हवा. बालविवाहबंदीच्या कायद्याला 'शारदा कायदा' हे नाव या नाटकावरून पडले, असे अभिमानाने सांगितले जाते. ते खरे नाही. १९२९ चा तो कायदा अजमेरचे हरबिलास सारडा यांच्या नावाने ओळखला जातो. नाटकाचे मोठेपण त्या नावावर अवलंबून नाही, म्हणून ही उसनी प्रतिष्ठा सोडून द्यावी.

पण मोजायचे तर पुरते मोजावे. शारदेची सुटका कशी होते? सगोत्रतेचा मुद्दा निघतो आणि म्हाताऱ्याशी होणारे लग्न मोडते. अर्धवट राहिलेल्या त्या लग्नाचा डाग घेऊन ती जीव द्यायला निघते, कोदंड तिला वाचवतो, आणि पुढच्या विवाहाची वाट मोकळी होते ती शंकराचार्यांच्या संमतीने. मुलीला हा म्हातारा नको आहे, एवढे कारण लग्न मोडायला पुरत नाही. शास्त्रातला दोष सापडावा लागतो. देवलांची ही मर्यादा होती की व्यवहारी हुशारी? मला हुशारी वाटते. धर्मशास्त्र मानणाऱ्या प्रेक्षकाला त्याच्याच शास्त्राने अडवायचे, हा सुधारकांचा तेव्हाचा नेहमीचा डाव होता. पण प्रश्न विचारला म्हणून तर डाव दिसला. विचारलाच नसता तर 'गोड शेवट' म्हणून आपण घरी गेलो असतो.

अजून एक गोष्ट सांगतो. ललितकलादर्शचे केशवराव भोसले प्रथम गाजले ते अगदी कोवळ्या वयात केलेल्या शारदेच्या भूमिकेने. विकल्या जाणाऱ्या पोरीचे गाणे एक तेवढेच लहान पोर गात होते, आणि तेही घर सोडून कंपनीच्या बिऱ्हाडी आले होते. ही आठवण आपण कौतुकाने सांगतो, आणि त्या गळ्याचे कौतुक करायलाच हवे. पण ते पोर रात्रभर जागत होते हेही त्याच वाक्यात सांगायला हवे.

इथे दुसरा पाय येतो. संहिता निमित्त, सूर खरे. मी स्वतः गोविंदराव टेंब्यांच्या चालींवर वाढलेला माणूस आहे, त्यामुळे सुरांची महती मला कोणी पटवायला नको. पण असे म्हणणाऱ्यांनी स्वतःच्या हातातली कात्री पाहावी. पूर्वी हे प्रयोग पहाटेपर्यंत चालत. आता तीन तासांत आटोपावे लागतात, म्हणजे निम्म्याहून अधिक मजकूर जातो. काय जाते आणि काय राहते हे कोण ठरवते? आजचा दिग्दर्शक, आजच्या प्रेक्षकाकडे बघून. अंगावर येणारा एखादा जातिवाचक विनोद तो काढतो, लांबलेले पतिधर्माचे भाषण छाटतो आणि पदे ठेवतो. मी यात दोष पाहत नाही. पण ही कृती आजच्या सामाजिक दृष्टीनेच केलेली निवड आहे. ज्याने ती केली त्याने 'आम्ही मोजत नाही' असे म्हणू नये. मोजमाप झालेले आहे, फक्त प्रेक्षकाला कळू न देता झालेले आहे.

आणि सूर कोणाचे? बालगंधर्वांनी भामिनी, रुक्मिणी, सिंधू उभ्या केल्या. घराघरांतल्या बायका त्यांचे पाहून नऊवारी नेसू लागल्या, गजरे माळू लागल्या. ती कला अपूर्व होती यात शंका नाही. पण बाईने बाई कशी दिसावी हे पुरुषाकडून शिकले, याचे कारण रंगभूमीवर कुलीन बाईला मज्जाव होता. याच काळात मराठीत नाटककार बाई होती. सावंतवाडीच्या हिराबाई पेडणेकर. त्यांचे 'संगीत दामिनी' केशवरावांच्या ललितकलादर्शने १९१२ मध्ये रंगभूमीवर आणले. 'मानापमान' १९११ चे, 'दामिनी' त्याच्या पुढच्याच वर्षीचे. आज 'मानापमाना'ची चार पदे न अडखळता म्हणणाऱ्या रसिकाला 'दामिनी'चे एक तरी आठवते का? बायकांनी काढलेल्या आणि पुरुषपात्रेही बायकाच करत अशा नाटक मंडळ्या होत्या. सत्यशोधकांचे जलसे होते, पुढे भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे झाले. गाणे तिथेही होते आणि नाट्यही होते. तरी 'जुन्या संगीत रंगभूमीच्या आठवणी' म्हटले की त्यांतले कोणी मंचावर येत नाही. स्मरणरंजनही निवड करते, आणि त्या निवडीलाही सामाजिक दृष्टी असते.

'संशयकल्लोळ' हे माझे सर्वांत लाडके नाटक. फाल्गुनराव, अश्विनशेठ, कृत्तिका, रेवती, महिन्यांची आणि नक्षत्रांची नावे गुंफून देवलांनी एका तसबिरीवरून केवढा गोंधळ घातला आहे! मूळ कल्पना मोलिएरची, इंग्रजीतून फिरून आलेली. पण मराठी संसारात ती अशी मुरली की परकी वाटत नाही. नाटकात दोन बायकांवर संशय घेतला जातो. कृत्तिका घरधनीण आहे. नवऱ्याने कितीही आरडाओरडा केला तरी तिचा उंबरा तिच्या पायाखाली आहे, उलट तीही त्याच्यावर तेवढाच संशय घेते. रेवती कलावंतिणीच्या घरची. अश्विनशेठचा संशय फिटला नाही, तर तिच्याजवळ उभे राहायला जागा नाही. एकाच विनोदाची किंमत दोघींना सारखी पडत नाही. देवलांना हे ठाऊक होते असे मला वाटते, म्हणूनच रेवतीचा मान त्यांनी कुठेही खाली पडू दिला नाही. हे नाटक १९१६ चे. मुंबई इलाख्यात देवदासींच्या संरक्षणाचा कायदा व्हायला १९३४ उजाडले. गोव्यात देवळाच्या उत्सवात गावकऱ्यांनी उभे केलेले संगीत नाटक आजही पाहायला मिळते, आणि ज्या कलावंत घराण्यांनी मराठी संगीताला गळे दिले त्यांची ती भूमी. तिथे रेवती बघताना तिचे घराणे विसरून चालत नाही. ते विसरलो तर हाती उरतो तो नुसता फार्स, आणि देवलांनी नुसता फार्स लिहिलेला नाही.

आता मुख्य मुद्दा. पूर्वपक्ष लेखक आणि प्रयोग यांत गल्लत करतो. देवल माणूस म्हणून कसे होते, गडकरी किती पुढचे किंवा मागचे होते, हे ठरवायचे असेल तर त्यांच्या काळात गेलेच पाहिजे; तिथे आजचा कायदा हातात घेऊन जाणारा माणूस खरोखरच अडाणी ठरेल. पण नाटक ही वस्तुसंग्रहालयातली तलवार नव्हे. ते रात्री साडेआठला पडदा वर जाईल तेव्हा घडणार आहे, आजच्या नटीच्या अंगातून, आजच्या प्रेक्षकापुढे. भरताने नाट्याची तीन प्रमाणे सांगितली: लोक, वेद आणि अध्यात्म. वाद पडला की त्याने कौल दिला आहे तो लोकाच्या बाजूने. लोक म्हणजे प्रेक्षागृहात श्वास घेत बसलेला लोक. 'आजच्या दृष्टीने पाहू नका' हे सांगणे त्या लोकाला दाराबाहेर चपलांबरोबर डोळेही काढून ठेवायला सांगण्यासारखे आहे.

'एकच प्याला'च्या एका प्रयोगात मला हे कळले. गडकरी २३ जानेवारी १९१९ ला गेले. फेब्रुवारीत गंधर्व मंडळीने बडोद्याला नाटक उभे केले. पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांची, सिंधू बालगंधर्वांची, सुधाकर गणपतराव बोडसांचा. त्या नाटकाने तेव्हापासून किती डोळे पुसायला लावले त्याला गणती नाही. दारूच्या नशेत सुधाकर मूल मारतो, सिंधूला मारतो. फौजदार येतो. आणि मरणाच्या दारातली सिंधू नवऱ्याला वाचवण्यासाठी खोटा जबाब देते. मी पाहिलेल्या प्रयोगात या जागी प्रेक्षागृह नेहमीसारखे हुंदके देत होते. माझ्या मागच्या रांगेत सत्तरीच्या पुढची एक बाई होती, डोक्यावर पदर, बहुधा सुनेबरोबर आलेली. ती स्वतःशी बोलावे तशी, पण मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "सांग गं बाई. सांग त्याला." सिंधूने सांगितले नाही. बाईने पुढे काही म्हटले नाही आणि रडलीही नाही.

त्या बाईने आधुनिक विचारांची पुस्तके वाचली असतील असे दिसत नव्हते. तिला नाटक आवडले नाही असेही नव्हते, ती पदांना तल्लीन झालेली मी पाहिली होती. तिने नाटक मोजले, आणि ज्या मापाने मोजले ते नाटकातच होते. कारण फौजदार गडकऱ्यांनीच आणलेला आहे. मूल मारणे १९१९ मध्येही खूनच होता. कायदा दारातून आत आलेला आहे, वही उघडून उभा आहे, आणि सिंधू त्याला परत पाठवते. पातिव्रत्याची परिसीमा म्हणून रडणाऱ्या प्रेक्षकाला इथे फक्त देवी दिसते. त्या बाईला मार लपवणारी बाई दिसली, जी तिने कुठेतरी पाहिली असेल. घरातल्या हिंसेविरुद्धचा स्वतंत्र कायदा आपल्याकडे २००५ मध्ये झाला, तरी बाया अजून पाय घसरल्याचे सांगतात. मग सिंधूच्या जबाबात अधिक खोल कोण उतरले, डोळे पुसणारे की ती बाई?

गडकऱ्यांचा दोषही बोलून दाखवावा. त्यांनी सिंधूला इतके उंच नेऊन बसवले आहे की तिचे सोसणे अनुकरणीय वाटू लागते. माहेरची मदत नाकारून दळण दळणारी सिंधू पाहताना ही वाट चुकीची आहे असे नाटक एकदाही म्हणत नाही. हा दोष १९१९ मध्येही दोषच होता. पण गडकरी मोठे नाटककार होते, म्हणून त्यांनी तिच्या शेजारी गीता ठेवली. तळीरामाची बायको. ती सिंधूसारखी मुकाट सोसत नाही. नवऱ्याबद्दल जे म्हणायचे ते फाडफाड म्हणते. शरद नावाची बालविधवाही ठेवली आणि तिच्यावर मन बसलेला भगीरथही. पतिव्रतेच्या देवळात गडकऱ्यांनीच एक खिडकी उघडी ठेवली आहे.

तिसरा पाय उरला: मोजले तर काही उरणार नाही. वर जी चार नाटके मोजली त्यांतले कोणते गेले? 'सौभद्र' धारदार झाले, 'शारदे'चा डाव कळला, 'संशयकल्लोळा'त रेवती ठळक झाली आणि 'एकच प्याला' सोसायला अधिक कठीण झाले, जे शोकनाट्याला भूषणच आहे. काही गोष्टी उतरतील. श्रीमंतीचा तोरा मिरवणाऱ्या भामिनीला धडा शिकवण्याचा 'मानापमाना'तला भाग मला आता पूर्वीसारखा हसवत नाही, आणि त्याची पदे मात्र तितकीच प्रिय आहेत. या दोन्ही गोष्टी एका माणसाला एकाच वेळी वाटू शकतात. ही नाटके बंदच करा म्हणणारेही काही आहेत. त्यांनी ती पुरती वाचलेली नसतात, एवढेच त्यांना उत्तर. आणि जे म्हणतात की कलाकृतीला समाजाच्या भावनांनी मोजू नये, त्यांच्यातल्या ज्येष्ठांना १९७२ चे 'घाशीराम कोतवाल' आठवत असेल. तेही गाण्यानाचण्याचे नाटक. त्याला समाजाच्या भावनांची पट्टी कोणी लावली होती?

माझ्या पाहण्यात 'एकच प्याला'चे जे संक्षिप्त प्रयोग आले, त्यांत वेळेअभावी पहिली कात्री गीतेच्या प्रवेशांवर चाललेली होती. सिंधूची सगळी पदे राहिली होती. म्हणून हे नाटक पुन्हा उभे करणाऱ्या दिग्दर्शकांना एक विनंती आहे. वेळ वाचवायचाच असेल तर तळीरामाच्या दारूमंडळातला अर्धा धिंगाणा कमी करा, एखाद्या पदाच्या ताना आवरा. गीतेचे शब्द मात्र ठेवा.